‘लागणे’ येतं त्याला ‘गेट’ येतं

तुमचा प्रश्न वाचला. मराठी माध्यमातून शिकलात, अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळता, फोनमध्ये ‘गेट’ या क्रियापदाच्या ४८ अर्थांची यादी आहे आणि ती रोज लोकलमध्ये वाचता. तरी परवा साहेबांनी ‘विल यू गेट इट डन बाय फ्रायडे?’ असं विचारलं तेव्हा तुम्हाला वाटलं, शुक्रवारी आपल्याला काहीतरी मिळणार आहे. तुम्ही ‘थँक यू, सर’ म्हणालात आणि आजूबाजूचे हसले. ते हसणं तुम्हाला लागलं, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. आता विचारताय, ही यादी लक्षात कशी ठेवायची?

ठेवू नका. यादी पुसून टाका. दादरला संध्याकाळच्या बॅचला मी २४ वर्षं बोलण्याचं इंग्रजी शिकवते आहे. बँकेतले शिपाई, हॉस्पिटलातल्या सिस्टर, फोर्टातल्या ऑफिसांतले क्लार्क, दुकान मुलाच्या हाती देऊन आलेले काका, सगळे माझ्यासमोर बसले आहेत. यादीतून ‘गेट’ शिकलेलं एकही माणूस मला अजून भेटलेलं नाही. वाचताना प्रत्येक ओळ पटते आणि तोंड उघडायची वेळ आली की एकही ओळ सापडत नाही. यात दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही.

वर मी लिहिलं, ते हसणं तुम्हाला ‘लागलं’. हा शब्द वाचताना क्षणभर तरी अडलात का? आता एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी भूक लागते. दूध गॅसवर ठेवून फोन लावावा तर फोन लागत नाही आणि तेवढ्यात दूध खाली लागतं. घाईत जिन्यात ठेच लागते. स्टेशनवर गाडी भलत्याच प्लॅटफॉर्मला लागते. खिडकी मिळाली की डोळा लागतो. मुलाचा निकाल लागतो, पुतण्याला नोकरी लागते आणि शेजारीण विचारते, तो तुमचा कोण लागतो? घाटात गाडी लागते, गावी विहिरीला पाणी लागतं, नवीन चहा जरा कडू लागतो. वेळ लागतो, पैसे लागतात, मनात नसलं तरी जावं लागतं आणि घरातलं तान्हं एके दिवशी बोलू लागतं.

हे सगळं तुम्हाला कुणी पाठ करून दिलं होतं? मुंबईत १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापली गेली. तिच्यातली ‘लागणें’ची नोंद कधी काढून बघा, अर्थामागून अर्थ येत राहतात. त्या साहेबाला ते एकेक टिपून घ्यावे लागले. तुम्हाला नाही लागले, कारण हा शब्द तुम्हाला कधी एकटा भेटलाच नाही. ‘भूक’ शेजारी आली की एक अर्थ, ‘ठेच’ आली की दुसरा, ‘जावं’ आलं की तिसरा. शब्द तोच, शेजार बदलला की काम बदलतं. ‘गेट’चंही नेमकं असंच आहे. म्हणून वर्गात पहिल्या दिवशी मी सांगते: ज्याला ‘लागणे’ येतं, त्याला ‘गेट’ येतं. फक्त कान तिकडे वळवायचा राहिलाय.

घोळ सुरू झाला तो शाळेत. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीची आपली पिढी पाचवीला एबीसीडी गिरवणारी. वहीच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘गेट’, उजवीकडे ‘मिळणे’. ती रेघ इतकी खोल गेली की चाळिशीतही ‘गेट’ ऐकलं की मन आपोआप ‘मिळणे’ म्हणतं. ‘गेट इट डन’ ऐकून तुम्ही ‘थँक यू’ म्हणालात ते त्या रेघेमुळे.

‘गेट’च्या मुळाशी मिळण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. आधी एक अवस्था होती, आता दुसरी आली. आधी नव्हतं, आता आहे. आधी इथे होतो, आता तिथे आहोत. तो बदल घडताना दाखवायचं काम ‘गेट’ करतं. हा शब्द इंग्लंडात आला तो उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून. नवव्या शतकापासून ते लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वस्ती करून राहिले. ‘टेक’, ‘एग’, ‘दे’ हे आज अगदी घरचे वाटणारे शब्दही त्यांचेच. त्यांच्या ‘गेटा’चा अर्थ होता हाती लागणे. इंग्रजीत त्याचं एक भावंड आधीपासून जोडशब्दांत दडलेलं होतं, ते आजही ‘फर्गेट’मध्ये दिसतं: हाती लागलेलं निसटणं, म्हणजे विसरणं. ‘हाती लागणे’ एवढं मनात धरलं तरी अर्धी वाट सरते.

उरलेली अर्धी वाट म्हणजे ‘गेट’च्या पुढे काय बसलंय ते बघणं.

पुढे वस्तू आली की ‘मिळणे’ किंवा ‘आणणे’. इथेच एक खड्डा आहे आणि तो मी एकाला महागात पडताना पाहिलाय. माझा एक विद्यार्थी क्लिअरिंग एजंटकडे कामाला होता. न्हावा शेव्याला कंटेनर येऊन पडलेला, परदेशातल्या पार्टीकडून मूळ कागद यायचे होते. याने मेल टाकला: ‘आय विल गेट द पेपर्स टुमॉरो.’ याच्या मनात, उद्या मला कागद मिळतील ना, तुम्ही पाठवताय ना. समोरच्याने वाचलं, मी उद्या जाऊन कागद आणतो. त्याने पाठवायची घाई केली नाही, याने वाट पाहिली आणि कंटेनरवर डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड, चढत गेलं. व्याकरणात चूक शोधून सापडणार नाही. ‘गेट’मध्ये आपोआप हाती येणंही आहे आणि हात पुढे करून घेणंही आहे. ‘आय गॉट अ लेटर’मध्ये पत्र आलं, ‘आय गॉट सम मिल्क’मध्ये मी दूध घेऊन आले. आपल्या मराठीत त्यासाठी ‘मला’ आणि ‘मी’ असे दोन वेगळे दरवाजे आहेत, इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’. म्हणून कामाच्या मेलमध्ये, जिथे पैसे अडकलेत तिथे, ‘गेट’ बाजूला ठेवा. मिळणार असेल तर ‘रिसीव्ह’, आणायला जाणार असाल तर ‘कलेक्ट’. बोलताना मात्र ‘गेट’च बरा, तिथे सूर आणि चेहरा मदतीला असतात.

पुढे गुण सांगणारा शब्द आला की ‘होणे’. ‘इट गॉट डार्क’, अंधार झाला. ‘आय गॉट वेट’, मी भिजले. इथे ‘आहे’ आणि ‘झालं’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, तो फक्त वापरायचा. ‘ही इज अँग्री’, तो रागावलेला आहे; ‘ही गॉट अँग्री’, तो रागावला. लग्नाच्या बाबतीत माझ्या वर्गात दर महिन्याला कुणीतरी अडतं: ‘आय ॲम मॅरिड इन २०१५’. लग्न २०१५ साली झालं, म्हणजे बदल घडला, म्हणजे ‘आय गॉट मॅरिड इन २०१५’. आज काय स्थिती आहे असं कुणी विचारलं तर ‘आय ॲम मॅरिड’. आणि कुणाशी, हे सांगताना ‘टु’. आपल्या ‘शी’वरून ‘विथ’ तोंडात येतं, ते थोपवा. जाता जाता, ‘लग्न’ आणि ‘लागणे’ एकाच ‘लग्’ धातूतून आले आहेत. म्हणून तर आपल्याकडे लग्न ‘लागतं’.

पण ‘होणे’ म्हटलं की सगळीकडे ‘गेट’ चालत नाही. एक आजोबा अभिमानाने म्हणाले, ‘माय ग्रँडसन गॉट डॉक्टर.’ इंग्रज ऐकेल तर त्याला वाटेल, नातवाला डॉक्टर मिळाला, म्हणजे पोरगं आजारी होतं की काय! माणूस कुणीतरी बनतो तिथे ‘बिकम’: ‘ही बिकेम अ डॉक्टर.’ गुण आला तर ‘गेट’, पद किंवा पेशा आला तर ‘बिकम’. एवढं त्या आजोबांनी एका संध्याकाळी पकडलं आणि पुन्हा कधी चुकले नाहीत.

पुढे जागा आली की ‘पोहोचणे’. ‘हाऊ डू आय गेट टु चर्चगेट?’ फक्त घर, इथे आणि तिथे यांच्याआधी ‘टु’ लागत नाही: ‘आय गेट होम ॲट एट’. हा भाग सोपा आहे, पुढे चला.

पुढे ‘टु’ आणि क्रियापद आलं, तर आपल्या भाषेने तुमच्यासाठी वाट आधीच तयार करून ठेवली आहे. ‘मला बोलायला मिळालं नाही’ हे वाक्य घ्या. ‘आय डिडन्ट गेट टु स्पीक.’ शब्दाला शब्द! संधी ‘मिळाली’, तीही क्रियापदाला जोडून. हे वाक्य मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा नायर हॉस्पिटलच्या बाजूला राहणाऱ्या एक बाई खुर्चीतून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, मग ‘मला शिकायला मिळालं नाही’ हे पण असंच? मी म्हटलं, हो, ‘आय डिडन्ट गेट टु स्टडी’. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्यांच्या पुढच्या सगळ्या वाक्यांत ‘गेट टु’ आपोआप यायला लागलं. मनातलं वाक्य असलं की भाषा अशी चिकटते.

मध्ये माणूस आला की ‘लावणे’. ‘आय गॉट हिम टु साइन’, मी त्याला सही करायला लावली. बघा, ‘लागणे’चं प्रयोजक रूप ‘लावणे’, तेच इथे उपयोगी पडतं. यात थोडी खटपट, समजूत घालणं, मागे लागणं आलं. ‘आय मेड हिम साइन’ म्हटलंत तर जबरदस्ती झाली. आणि ‘मेड’नंतर ‘टु’ नाही, ‘गॉट’नंतर ‘टु’ हवा. हे मात्र ध्यानात ठेवावंच लागतं.

आता तुमचं वाक्य, ‘गेट इट डन’. इथे ‘गेट’च्या पुढे वस्तू आणि त्यापुढे झालेली क्रिया. मराठीत ‘करून घेणे’. ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’, मी फोन दुरुस्त करून घेतला. कुणी केला हे महत्त्वाचं नाही, झालं पाहिजे हे महत्त्वाचं. साहेब विचारत होते, शुक्रवारपर्यंत हे काम उरकाल का? तुम्ही करा, कुणाकडून करून घ्या, शुक्रवारी ते झालेलं दिसलं पाहिजे. एवढा सगळा अर्थ त्या चिमुकल्या ‘डन’मुळे आला.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती तुमच्या यादीत नसेल. आपण सलूनमधून येऊन बिनदिक्कत म्हणतो, ‘मी केस कापले’. मराठीत चालतं, कात्री न्हाव्याच्या हातात होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली असा अर्थ होतो. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’. तसंच घर रंगवलं, ब्लाउज शिवला, रक्त तपासलं. मराठीत ‘मी’ म्हणून सोडून देतो ती सगळी कामं इंग्रजीत ‘गेट’ मागतात. आणि हीच रचना न करून घेतलेल्या गोष्टींनाही चालते. लोकलच्या दारात बोट सापडलं तर ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’. ते बोट कुणी मुद्दाम अडकवून घेत नाही, तरी साचा तोच. अर्थ घटनेवरून कळतो.

आणि मधली वस्तू काढली, थेट झालेली क्रियाच आली, तर आपलं ‘गेलं’ किंवा ‘झालं’: ‘माय फोन गॉट स्टोलन’, फोन चोरीला गेला, ‘शी गॉट सिलेक्टेड’, तिची निवड झाली. ‘वॉज स्टोलन’ही बरोबर आहे. ‘गॉट’मध्ये काहीतरी घडलं, आपल्यावर येऊन आदळलं किंवा पदरात पडलं, याची धग जास्त असते. पोलीस तक्रारीत ‘वॉज’ लिहा, घरी फोन करून सांगताना ‘गॉट’ म्हणा.

मुंबईत राहून एका गोष्टीवर बोलले नाही तर उत्तर अपुरं राहील. ‘गेटिंग डाऊन ॲट दादर?’ हे आपण रोज म्हणतो आणि आपल्यात ते शंभर टक्के कळतं. त्यासाठी कुणी तुम्हाला नावं ठेवली तर मनावर घेऊ नका, भारतात ते रुळलेलं इंग्रजी आहे. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना एवढं माहीत असावं की त्याच्या कानाला ‘गेट डाऊन’ म्हणजे खाली वाका, किंवा उंचावरून खाली या. तो ट्रेनमधून, बसमधून ‘गेट ऑफ’ करतो आणि टॅक्सीतून ‘गेट आउट ऑफ’. नियम मी वर्गात असा सांगते: ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे लोकल, बेस्टची बस, विमान, मांडव्याला जाणारी लाँच, त्यात ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं, म्हणजे काळी-पिवळी आणि रिक्षा, त्यात ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्यावर पाय टाकून बसतो, सायकल, मोटरसायकल, घोडा, तिथे पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. तुमचा रोजचा प्रवास मनातल्या मनात या तिन्हींत बसवा. दोन दिवस पुरतात.

आपल्याकडच्या आणखी तीन सवयी सांगते. ‘मला उशीर झाला’ याचं ‘आय गॉट लेट’ करू नका. ‘आय ॲम लेट’ किंवा वाटेत असाल तर ‘आय ॲम रनिंग लेट’. उशीर ‘होतो’ तो वेळेला: ‘इट गॉट लेट’, म्हणजे रात्र झाली. दुसरी, ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर ‘आय डोन्ट गेट इट’ किंवा जास्त अदबीने ‘सॉरी, आय डिडन्ट फॉलो’. तिसरी सवय ऑफिसांत फार: ‘आय गॉट टु नो दॅट द मीटिंग इज कॅन्सल्ड’. कळलं, समजलं यासाठी ‘आय हर्ड’ किंवा ‘आय फाउंड आउट’. ‘गेट टु नो’ माणसांसाठी राखून ठेवा, हळूहळू ओळख वाढत जाते तेव्हा.

‘हॅव गॉट’ वेगळंच प्रकरण आहे. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’मध्ये काही मिळालेलं नाही, दोन भाऊ आहेत, बस. आणि ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे जावं लागणार. इथेही ‘लागणे’च आलं! अमेरिकन माणसांशी काम असेल तर ‘गॉटन’ ऐकू येईल. त्यांच्याकडे ‘हॅव गॉट’ म्हणजे आहे आणि ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालंय किंवा झालंय. समजून घ्या, बोलायचा हट्ट नको.

तुमच्या यादीतला मोठा भाग ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ अशा जोड्यांचा असणार. त्यांच्यापुढे कोशातला अर्थ लिहिण्यापेक्षा आपल्या घरातला शब्द लिहा. ‘गेट बाय’पुढे ‘भागतं’: पगार कमी आहे, पण भागतं. ‘गेट ऑन विथ’पुढे ‘पटतं’. ‘गेट ओव्हर’पुढे ‘सावरणे’. ‘गेट थ्रू’पुढे ‘फोन लागणे’. ‘गेट अवे विथ’पुढे ‘खपून जाणे’. ‘गेट कॅरिड अवे’पुढे ‘वाहवत जाणे’. ‘गेट द हँग ऑफ इट’पुढे ‘हात बसणे’. मला यातला ‘भागतं’ सर्वांत आवडतो. कोशात त्यापुढे लांबलचक वाक्य असतं आणि गिरणगावातली कुठलीही बाई तो अर्थ एका शब्दात सांगते. मीही तिथल्याच चाळीत वाढले. आपल्याकडे इंग्रजीला द्यायला शब्द आहेत, हे मुलांना कुणी सांगतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

रोज एक काम करा. अंधेरी येईपर्यंत मराठीत स्वतःशी जे बोलता, त्यातलं ‘मिळालं’, ‘झालं’, ‘पोहोचले’, ‘करून घेतलं’, ‘लावलं’, ‘लागलं’ असं एखादं वाक्य पकडा आणि ते इंग्रजीत म्हणून बघा. आठवड्याला सात वाक्यं, तीही तुमच्या स्वतःच्या दिवसातली.

आणि सोमवारी साहेबांना काय सांगायचं, तेही देते, कारण बिलं परचेसकडे अडकलीत असं तुम्हीच लिहिलंय. सरळ जा आणि म्हणा: ‘सर, आय विल गेट इट डन बाय फ्रायडे, बट आय हॅवन्ट गॉट द बिल्स फ्रॉम परचेस. कुड यू गेट देम टु सेंड द बिल्स टुडे?’ पहिल्यात करून घेणं आहे, दुसऱ्यात अजून हाती न लागणं, तिसऱ्यात त्यांना पाठवायला लावणं. घरी दोनदा मोठ्याने म्हणा, मग जा.